पंच एका घावात जात नाही? चामड्याच्या कामाचं टेबल उसळतं, त्याचे उपाय

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. म्हशीच्या चामड्याचा जाड तळ टेबलावर ठेवला, भोक पाडायचा पंच उभा धरला, हातोडा मारला. पंच उचलून बघावं तर चकती पाऊण गोल कापली गेलेली आणि उरलेल्या पाव भागाला भोकात लोंबतेय. दुसरा घाव घालायला पंच परत बसवला की तो केसभर सरकतो आणि भोकाला दुहेरी कड पडते. तेवढ्यात आरी घरंगळत खाली पडते, चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा थरथरतो आणि खालच्या मजल्यावरचे विचारायला येतात. मग टेबलाचे स्क्रू आवळले जातात, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली जाते. महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

याचं कारण असं की सगळे टेबल मजबूत करायला धावतात, पण घाव कुठून कुठं जातो हे कुणी बघत नाही. कोल्हापूरच्या सुभाषनगर, जवाहरनगरात पिढ्यान् पिढ्या चपला करणारा कारागीर जमिनीवर बसतो, पुढ्यात दगड असतो आणि दगडाखाली थेट जमीन. हातोड्याचा सगळा जोर चामड्यातच खर्ची पडतो, कारण खाली हलायला काहीच नाही. पट्टे, पाकिटं, बॅगा करणारे खुर्ची-टेबलावर आले आणि दगड व जमीन यांच्यामध्ये अडीच फूट पोकळी आली. त्या पोकळीवर ताणलेली फळी घाव बसला की आधी खाली वाकते आणि मग वर उसळते. जो जोर चामडं कापायला हवा होता, तो फळी वाकवण्यात जातो. म्हणून दुरुस्तीचं सूत्र एकच: घाव पडतो त्या जागेपासून जमिनीपर्यंत सरळ, ताठ, अखंड वाट असली पाहिजे. बाकीचं टेबल कसंही असलं तरी काम निभतं.

आधी दोष टेबलाचा की पंचाचा, ते ठरवा

टेबलाला हात लावण्याआधी हे करा. तळमजल्याच्या पक्क्या फरशीवर ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा, त्यावर तुमचा नेहमीचा पॉली बोर्ड (पंचाखाली ठेवायची प्लास्टिकची जाड पाटी), त्यावर तेच चामडं. तोच पंच, तोच हातोडा, एक घाव. भोक आरपार स्वच्छ पडलं तर पंच ठीक आहे, टेबल दोषी आहे. इथंही चकती लोंबत राहिली तर टेबलावर खर्च करू नका. पंच बोथट झालाय, हातोडा हलका आहे किंवा पॉली बोर्ड खड्ड्यांनी भरलाय.

गोल पंचाची धार बाहेरच्या उतारावरून लावायची. १००० नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून पंच फिरवत फिरवत घासा. आतल्या बाजूला फक्त बारीक काडीला पॉलिश पेपर गुंडाळून बर, म्हणजे धारेवर उरलेली खरखरीत कड, काढायची. आतून जास्त घासलं तर भोकाचा व्यास वाढतो आणि चकत्या आत अडकतात. हातोड्याचं म्हणाल तर १ पौंडाचा, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचा हातोडा लहान पंचाला पुरतो. तळाच्या जाड चामड्याला आणि रुंद दात्याच्या (एका घावात ओळीनं भोकं पाडणाऱ्या) पंचाला दीड ते दोन पौंडांची मोगरी लागते. मोगरी लाकडाची किंवा नायलॉनची असावी. लोखंडी हातोड्यानं पंचाचं डोकं फुलतं आणि त्याच्या कपच्या उडतात.

पॉली बोर्ड १२ ते २० मिलिमीटर जाडीचा पुरे. एकाच जागी मारून तिथं वाटीसारखा खळगा पडला की चामडं खळग्यात दबतं आणि कापलं जात नाही. बोर्ड उलटा करा, आठवड्याला फिरवत राहा. कागद कापायची हिरवी मॅट पंचासाठी वापरू नका, ती दबते. आणि ग्रॅनाइटवर थेट पंच मारणं तर कधीच नको. एका घावात धार जाते.

वाटीभर पाण्याची तपासणी

दोष टेबलाचाच आहे हे ठरलं की तो कुठल्या प्रकारचा आहे ते बघायचं. टेबलाचा त्रास तीन तऱ्हेचा असतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. हे न ओळखता स्क्रू आवळले म्हणूनच दुखणं परत येतं.

स्टीलची वाटी काठोकाठ पाण्यानं भरून टेबलाच्या मधोमध ठेवा. वीतभर अंतरावर मोगरीचा एक घाव घाला. पाणी उडून सांडलं तर फळी उसळतेय. आता वाटी एका कोपऱ्यात, बरोबर पायाच्या डोक्यावर ठेवा आणि तिथं तेवढ्याच जोरानं मारा. पाण्यावर नुसते तरंग उठले, सांडलं नाही, तर पाय आणि जमीन चांगली आहेत. दोष फक्त फळीच्या ताणात आहे. कोपऱ्यातही सांडलं तर खाली काहीतरी हलतंय. मग फरशी वाजवून बघा. बऱ्याच घरांत फरशीखाली सिमेंट सगळीकडं पोचलेलं नसतं. नाण्यानं टकटक केल्यावर भरीव आणि पोकळ आवाजातला फरक लगेच कळतो. पोकळ फरशीवर पाय आला तर कितीही भक्कम टेबल नाचणार. टेबल एक फूट सरकवलं तरी काम भागतं.

दुसरी तपासणी अशी की टेबलाच्या कडेला कंबर टेकवून आडवं ढकला. आधी लांबीच्या दिशेनं, मग रुंदीच्या. वरची फळी अर्धा इंचही झुलली तर सांधे ढिले आहेत, टेबल गुण्यातून, म्हणजे काटकोनातून, निघालंय. तिसरी: कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीनं तळवा दाबा. टकटक वाजलं तर चारांपैकी एक पाय हवेत आहे.

फळी उसळते तेव्हा

इथं एक हिशेब नीट समजून घ्या, कारण सगळा पैसा याच हिशेबावर वाचतो किंवा वाया जातो. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनात वाढतो. १८ मिलिमीटरचे दोन प्लाय नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो. तेच दोन प्लाय फेविकॉलनं पूर्ण चिकटवून एकजीव केले तर तो आठपट होतो. सामान तेच, फरक फक्त गोंदाचा. तसंच दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं तरी वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. म्हणून महागडी फळी आणण्याआधी घावाच्या जागेखाली एक पाचवा पाय घाला. निम्म्याहून जास्त टेबलं तेवढ्यावरच गप्प होतात.

पाचवा पाय म्हणजे फळी आणि जमीन यांच्यात घट्ट बसणारा ३ बाय ३ इंचाचा सागाचा किंवा बाभळीचा तुकडा. तो एक-दोन मिलिमीटर कमी कापा आणि खाली उरलेल्या फटीत दोन्ही बाजूंनी पातळ पाचरी ठोकून ताठ करा. मापात कापायला गेलात तर हमखास आखूड पडतो. उजव्या हातानं काम करणाऱ्यानं तो उजव्या कडेपासून फूटभर आत आणि पुढच्या कडेपासून आठेक इंच मागं घ्यावा, म्हणजे गुडघे मोकळे राहतात. त्याच्या बरोबर वर टेबलावर खडूनं चौकोन आखा. मोगरी चालवायची ती फक्त त्या चौकोनात.

प्लाय चिकटवताना पांढरा फेविकॉल दोन्ही पृष्ठांवर दातेरी पट्टीनं पसरा, खालून दर सहा इंचांवर ३० मिलिमीटरचे स्क्रू मारा. पावसाळ्यात २४ तासांत वाळला असं समजू नका, दोन दिवस वजनाखाली ठेवा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या कामाला नकोच. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा ओली असते, कडेनं ओल शोषून ते फुगतात आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. प्लाय घेताना आयएस ७१० किंवा निदान आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा) शिक्का बघून घ्या.

टेबल झुलतं तेव्हा

बाजारातलं तयार कॉम्प्युटर टेबल या दुखण्याचं माहेरघर आहे. बोर्डाच्या कडेत घुसवलेले स्क्रू हादऱ्यानं भोक मोठं करत जातात. परत आवळलं की तात्पुरतं घट्ट, पण आटे धरायला भुसाच उरलेला असतो. अशा टेबलाला पाठीमागून ९ मिलिमीटर प्लायची एक अखंड पाटी मारा, दर चार इंचांवर स्क्रू आणि कडेला गोंद. पाठीच्या पाटीनं लांबीच्या दिशेचं झुलणं तिथंच थांबतं. रुंदीच्या दिशेला दोन्ही बाजूंना एकेक तिरकी पट्टी, खालच्या कोपऱ्यातून वरच्या विरुद्ध कोपऱ्यात. चौकोन ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. छपराखालच्या सुताराच्या सगळ्या कैच्या याच तत्त्वावर उभ्या असतात.

लाकडी टेबल असेल तर सांध्याला खिळे नकोत. पायात कुसू (खाचेत बसणारी लाकडी जीभ) बसवून घ्या किंवा अर्धा सांधा कापून १० मिलिमीटरचा आरपार बोल्ट टाका, दोन्हीकडं मोठा वॉशर. इथंच दरवर्षी परत येणाऱ्या तक्रारीचं मूळ आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि वॉशरखाली दबून घेतं. दसरा-दिवाळीला हवा कोरडी पडली की तेच लाकूड आकसतं आणि बोल्ट सैल होतो. जून महिन्यात आवळलेला बोल्ट नोव्हेंबरात हातानं फिरतो, तो याचमुळं. दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी पाना घेऊन सगळे बोल्ट एकदा फिरवा. वर्षातून ती एक फेरी पुरते. खिळे मारले असतील तर ही सोयच नाही, म्हणून बोल्ट.

टेबल भिंतीला अँगलनं जखडणं हा सोपा उपाय वाटतो आणि विटा-सिमेंटच्या भिंतीत तो चालतोही. मातीच्या जुन्या भिंतीत फास्टनर पकडत नाही, महिन्यात पोपडे निघतात. आणि भिंत शेजाऱ्याची सामाईक असेल तर करूच नका. प्रत्येक घाव त्यांच्या घरात वाजतो.

नवीन करायचंच असेल तर

उद्यमनगरात किंवा जवळच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं करून घेता येईल असं टेबल ४ फूट बाय २ फूट, उंची ३० इंच. खुर्चीवर बसून कापायला, शिवायला, चिकटवायला ही उंची बरोबर पडते. पाईप २ बाय २ इंच, १४ गेज. वरची चौकट १२ फूट, खालचे बांध तीन बाजूंना मिळून ८ फूट (समोरची बाजू पायांसाठी मोकळी), पाच पाय प्रत्येकी साडेसव्वीस इंच म्हणजे ११ फूट, आणि पाचव्या पायाच्या डोक्यावर आडवा तुकडा २ फूट. एकूण ३३ फूट. पाईप २० फुटी येतो, दोन नग घ्यायचे. वर १८ मिलिमीटरचे दोन प्लाय चिकटवून, म्हणजे ८ बाय ४ च्या शीटमधला अर्धा भाग. प्लाय चौकटीला खालून बोल्टनं बांधा.

लोखंडी चौकटीचा एक दोष म्हणजे ती घंटेसारखी वाजते. पाय उलटे करून त्यांत चाळलेली, कढईत भाजून पूर्ण कोरडी केलेली वाळू ठासून भरा आणि तोंडावर पत्र्याचं झाकण वेल्ड करून घ्या. एका पायात सव्वादोन किलोच्या आसपास वाळू मावते. आवाज मरतो, वजनही वाढतं. सगळं मिळून टेबल साठ किलोच्या घरात जातं. ओली वाळू मात्र भरू नका, पाईप आतून गंजतो आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. फॅब्रिकेशनवाल्याला एका पायाला तरी उंची जुळवायचा बोल्ट लावायला सांगा. खालचा रबरी बूट पातळ हवा. जाड मऊ रबर म्हणजे परत उसळी.

आमचा कल वेगळ्या ठोकळ्याकडं

इतकं करूनही, रोज शंभर-दोनशे भोकं पाडायची असतील तर टेबलावर पंच मारूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. टेबल साधं ठेवा आणि शेजारी ओंडका उभा करा. बाभळीचा किंवा चिंचेचा, १२ इंच व्यासाचा, शक्य तर जुना वाळलेला. चिंचेचं लाकूड किती मार सोसतं हे खाटकाच्या ठोकळ्यावरून कळतं आणि बाभळीवर तर बैलगाड्यांची चाकं चालली. २६ इंच उंचीचा असा ओंडका ३५ ते ४० किलो भरतो. लाकडाचे उभे धागे जमिनीकडं तोंड करून असतात, त्यामुळं घाव सरळ खाली उतरतो.

उंची ठरवताना पंचाची लांबी धरायची असते, आणि चूक नेमकी इथंच होते. पंच चार ते सहा इंच लांब असतो. मोगरी चामड्यावर नाही, पंचाच्या डोक्यावर पडते. साडेपाच फूट उंचीच्या माणसानं उभं राहून काम करायचं तर पॉली बोर्डचा वरचा पृष्ठभाग २८ ते ३० इंचांवर असावा, म्हणजे घाव ३४ इंचांच्या आसपास पडतो आणि खांदा उचलावा लागत नाही. जेवायच्या टेबलाच्या उंचीवर स्टुलावर बसून पंच मारणाऱ्यांचा खांदा संध्याकाळी दुखतो, त्याचं कारण तेच पाच इंच.

ओंडक्याचं वरचं तोंड सुताराकडून वाकसानं तासून, रंध्यानं सपाट करून घ्या. त्यावर ३ ते ५ मिलिमीटरचा रबरी पट्ट्याचा तुकडा. भंगारवाल्याकडं कारखान्याच्या कन्व्हेयरचा जुना पट्टा मिळतो, तो उत्तम. त्यावर ग्रॅनाइट, त्यावर पॉली बोर्ड. रबर यापेक्षा जाड नको. ते दगड सगळीकडून टेकावा एवढ्यासाठी आहे, गादी म्हणून नाही. दगड तीनच ठिकाणी टेकला तर एक दिवस मधोमध तडकतो.

दगडाबद्दल दोन शब्द. फरशीवाल्याकडं ग्रॅनाइटचे कटिंगमधले तुकडे पडून असतात. १ बाय १ फुटाचा २ इंच जाड तुकडा साडेबारा किलोचा असतो आणि जन्माला पुरतो. स्वयंपाकाच्या ओट्याचं १८ मिलिमीटरचं ग्रॅनाइट मिळालं तर दोन तुकडे इपॉक्सीनं जोडून घ्या. कडप्पा आणि शहाबादी फरशी स्वस्त म्हणून आणू नका. ते थराथरांचे दगड आहेत, घावानं थर सुटतात आणि एक दिवस पापुद्रा उचलून हातात येतो. घरातला जुना पाटा अनेकांना आठवतो. काळा दगड म्हणून तो ताकदीला भारी, पण पाट्याला टाकी लावलेली असते. ओल्या चामड्याखाली ठेवला तर टाकीचा प्रत्येक ठिपका चामड्यावर उमटतो. वापरायचाच तर आधी घासून गुळगुळीत करून घ्या.

ताजा ओंडका आणलात तर दोन्ही तोंडांना लगेच मेण किंवा जुना ऑइलपेंट लावून सावलीत ठेवा, नाहीतर तोंडातून वाळत मध्यापर्यंत चिरतो. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुणी देऊ केले तर टाळा. त्यांना काळं तेल पाजलेलं असतं, उन्हाळ्यात ते पाझरतं आणि चामड्यावर न निघणारे डाग पडतात.

पेठांतल्या जुन्या घरात माडीवर काम करत असाल तर ओंडका खोलीच्या मधोमध नको. कडीपाटाखालची तुळई कुठं जाते ते खालून बघा आणि भिंतीलगत, तुळईवर ठेवा. फ्लॅटमध्येही तेच, स्लॅबच्या मध्यावर नको, कॉलमच्या कोपऱ्यात. तरीही आवाजाची अडचण असेल तर १ टनाचा हँड प्रेस घ्या आणि तो टेबलाला बोल्टनं बांधा. दाबानं भोक पडतं, घाव नाही, आवाज नाही. मात्र रुंद दात्याच्या पंचाला त्यात जोर जास्त लागतो, एका वेळी चार दातांच्या पुढं जाऊ नका.

शेवटची एक गोष्ट टेबल पक्कं झाल्यावरच लक्षात येते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं, आणि त्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं पडतं. ओलं चामडं उघड्या लोखंडी चौकटीवर, स्क्रूच्या डोक्यावर किंवा पंचाला धार लावताना ग्रॅनाइटवर पडलेल्या लोखंडाच्या किसावर ठेवलं की निळसर काळे ठिपके उठतात. म्हणून वरून एकही स्क्रू नको, चौकटीला रेड ऑक्साइड आणि रंगाचे दोन हात द्या, आणि पंचाला धार लावायची जागा ओंडक्यापासून लांब ठेवा. ठिपका पडलाच तर लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून कापसानं फक्त डागावर टिपा, दोन मिनिटांनी स्वच्छ पाण्यानं सगळा तुकडा सारखा ओला करा आणि सावलीत वाळवा. नुसता डागच धुतला तर त्याच्याभोवती पाण्याचं कडं राहतं.